तिहेरी नाव

बायको गेली की घर खायला उठतं म्हणतात. तानाजी हावळचं घर खायला उठत नव्हतं. ते चालत होतं.

संध्याकाळी कामावरून आला की तो हातपाय धुवायचा, चहाचं आधण ठेवायचा, आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या पायांच्या कमरपट्ट्याला वाळूच्या दोन पिशव्या बांधायचा. पाय म्हणजे आधारपाय. हलक्या धातूच्या पट्ट्या, गुडघ्यात आणि घोट्यात मोटारी, वर कमरेला गोल पट्टा. पाठीचा कणा दुखावलेली किंवा अर्धांगाने लुळी पडलेली माणसं ते घालून चालतात. हे पाय सुवर्णाचे होते. सुवर्णा त्याची बायको. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पाय अजून चालत होते, अगदी तिच्यासारखे. डावं पाऊल जरा घाईत, उजवं सावकाश. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून खिडकीशी, परत आत. तानाजी कपबशी घेऊन खुर्चीत बसायचा आणि डोळे मिटायचा. घरात बायको चालतेय, बस्स, आणखी काय पाहिजे?

येडेपणा म्हणाल तर म्हणा. तोही म्हणायचा. पण सोडवत नव्हतं. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद कधीचे पांगलेले. दिवसभर कामात माणसं असायची. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना मात्र त्याला घर नको वाटायचं. पाय सुरू केले की घर तेवढ्यापुरतं भरल्यासारखं व्हायचं.

खालच्या मजल्यावरच्या मुसळेवहिनींनी एकदा त्याला जिन्यात गाठलं. "काय ओ भावजी, संध्याकाळचं वरती कोण चालतंय? पाहुणं आलंय काय?"

"न्हाई ओ वहिनी, मीच की."

"तुम्ही असं चालता व्हय?" असं म्हणून त्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं, आणि आपल्या दाराकडे वळल्या. सुवर्णाची चाल त्यांनीही तीन वर्षं डोक्यावर ऐकली होती. त्या दिवशी त्यांनी वाटीभर आमटी वर पाठवली. तानाजीला तिचा घास गोड लागला नाही. आपलं गुपित कुणाला तरी कळलंय, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखं होण्याइतकी लाज वाटली.

आता हे पाय माणसाशिवाय माणसासारखे कसे चालत, ते सांगितलं पाहिजे. आपल्याला वाटतं चालायचं काम मेंदू करतो. मेंदू नुसता हुकूम सोडतो. 'चल' म्हणतो आणि मोकळा होतो. एकामागून एक पाऊल टाकायचा ताल असतो तो खाली, कमरेजवळच्या मज्जातंतूंत. म्हणून तर माणूस भांडत, शेंगा खात, फोनवर बोलत चालू शकतो. कणा दुखावला की हुकूम वाटेत अडकतो आणि ताल मुका होतो. मुका होतो, पण मरत नाही. दोन हजार तीसच्या आसपास असं ध्यानात आलं की कमरेवर बारीक तारांचा पट्टा बांधून महिनाभर कान दिला, तर तो ताल पकडता येतो आणि त्याची फाइल करता येते. त्या फाइलला चालपट म्हणतात. ती मोटारींना दिली की पाय त्या माणसाच्या चालीने चालतात. दुसऱ्याचा चालपट घातला तर माणूस चार पावलांत तोंडावर आपटतो.

शिवाय एकदा पकडला म्हणजे झालं असंही नाही. माणूस जाड होतो, वाळतो, थंडीत त्याचे सांधे आखडतात, तंतू नव्या वाटा शोधतात. म्हणून पाय घरबसल्या केंद्राला माहिती पाठवत राहतात आणि दर रविवारी चालपट नव्याने जुळवावा लागतो. न जुळवता सोडला, तर वर्षाच्या आत आपलाच चालपट आपल्याला परका होतो.

इचलकरंजीच्या आधारपाय केंद्रात हे जुळवायचं काम तानाजीकडे होतं. तो मूळचा यंत्रमागावरचा जॉबर. माग नुसता आवाजावरून दुरुस्त करणारा. माग भंगारात निघाले तेव्हा गावातले कितीतरी जॉबर गुडघे बसवायला शिकले. तानाजी त्याच्याही पुढे जाऊन संगणक शिकला.

केंद्र सुरू झालं तेव्हा फाइलींना नावं काय द्यायची यावरून वाजलं होतं. यंत्रणा बसवायला पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, "क्रमांक द्या. नावं नकोत. नावात मोकळी जागा येते, ती कधीतरी गळ्याशी येईल." केंद्राच्या प्रमुख डॉक्टर नलिनी उपाध्ये उसळल्या. "माझ्याकडे माणसं येतात. कैद्यांसारखे नंबर लावणार नाही मी." झालं. प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे त्या माणसाचं पुरं तिहेरी नाव. स्वतःचं, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, आणि आडनाव. आपल्याकडे नुसत्या नावाने माणूस पुरा होतच नाही. 'कुणाची गं तू?' असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

मोकळ्या जागेची भानगड अशी. रविवारचं काम तानाजीने एका स्क्रिप्टवर सोपवलं होतं. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. सगळ्या फाइलींची यादी कर, ती जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या हाती दे, महिनाअखेरीला मयत माणसांच्या फाइली पुसून टाक. ही चिठ्ठी वाचून कामं करून घेतो त्याला शेल म्हणतात. शेल शब्दाचा पक्का आणि अकलेचा कच्चा. मोकळी जागा दिसली की त्याच्या लेखी एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं. तिहेरी नाव उघडं दिलं तर तो तीन वेगळी नावं समजतो. तिन्ही मिळून एकच माणूस आहे हे त्याला कळावं म्हणून नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं घालावी लागतात. नुसती लिहिताना घालून भागत नाही, पुढे जिथे ते नाव वापराल तिथे परत घालायची. तानाजी यात भलता काटेकोर होता. अख्ख्या स्क्रिप्टमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती, एक ओळ सोडून.

ती ओळ त्याने सुवर्णाचे दिवस उरकून कामावर आल्या आल्या लिहिली. महिनाअखेर तोंडावर आली होती. नियम साफ होता. माणूस गेलं की चालपट पुसायचा, पाय पुढच्याला द्यायचे. तानाजीने पाय 'तपासणीसाठी' म्हणून घरी नेले. केंद्रात नवे पाय वाळू बांधून रिकामे चालवून बघायची पद्धत होतीच, तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्याने लिहिलं: सुवर्णा तानाजी हावळ हे नाव वगळ. पुसण्यातून वगळ आणि जुळवण्यातूनही वगळ, कारण जुळवलं असतं तर वाळूचा भार धरून तिची चाल बदलली असती. लिहिताना त्याने चिन्हं घातली. खाली, यादीतून नाव गाळायच्या जागी, घालायची राहिली. डोळे भरलेल्या माणसाला काय काय दिसणार? फाइल शाबूत राहिली, पाय चालू लागले. त्याला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते शीतल मगदूमचं.

शीतल बसस्थानकामागे खानावळ चालवायची. स्कूटरच्या अपघातात कणा गेला, तेव्हापासून आधारपाय घालून चुलीपुढे उभी राहायची आणि शंभरेक माणसांना जेवू घालायची. त्या सोमवारी ती केंद्रात आली ती चाकाच्या खुर्चीतून. कपाळावर टाके, एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा कोपरापर्यंत भाजलेला. रश्श्याचं पातेलं उतरवताना ती पडली होती. पायांतला एक गुडघाही मोडला होता.

देणगी देणाऱ्या संस्थेचे निरीक्षक बेलवलकर त्या दिवशी आलेले होते. त्यांनी पडद्यावर तिची माहिती काढली. "चालपटात बिघाडाची एकही नोंद नाही. बाई, पाय नीट वापरायचे असतात. उकळतं पातेलं घेऊन चालायला कुणी सांगितलं होतं?"

"खानावळ हाय माझी, साहेब. पातेलं न्हाई उचलायचं तर काय उचलायचं?" शीतल म्हणाली. "मी कवापास्नं सांगायला लागलेय, पाय माझं ऐकंनात. उजवा टाकायला जावं तर त्यो आधीच पडलेला. हितं फोन केला तर म्हणाले, वजन कमी करा."

"रांगेत पुष्कळ माणसं आहेत," बेलवलकर डॉक्टरांना म्हणाले. "अपात्र ठरवून यांची जागा मोकळी करावी लागेल. गुरुवारी समितीपुढे ठेवू."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या नोंदी परत एकदा चाळल्या. पडद्यावरची माहिती खोटी आहे असं म्हणायला त्यांच्याजवळ आधार नव्हता. तानाजी मोडका गुडघा हातात घेऊन बाजूला उभा होता. त्याने गुडघा फिरवून बघितला. मोटार मोडली होती ती पडल्यावर; पडण्याआधी तिच्यात काही दोष नव्हता. मग पाय ऐकेनात ते का?

जागेवर जाऊन त्याने शीतलची फाइल काढली. शेवटची जुळवणी कधीची ते बघितलं आणि ती तारीख परत एकदा वाचली. सुवर्णा गेली त्या महिन्यानंतर शीतलचा चालपट एकदाही जुळवला गेला नव्हता.

शीतल तानाजी मगदूम.

शेलने त्याच्या परीने काहीच चूक केली नव्हती. सुवर्णा वगळ म्हटलं, वगळली. तानाजी वगळ म्हटलं, ज्याच्या ज्याच्या नावात तानाजी होता त्याला वगळलं. हावळ वगळ म्हटलं, तेही केलं. आणखी तिघं तसेच निघाले, त्यांच्या तक्रारी अजून अडखळण्यापर्यंतच होत्या. वगळलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही. जुळवणी झाली नाही म्हणून बिघाड मोजला गेला नाही, आणि मोजला नाही म्हणून निरीक्षकांच्या पडद्यावर सगळं आलबेल.

त्याने तिथल्या तिथे चिन्हं घातली. दोन वेळा बोट दाबलं, काम झालं. येत्या रविवारपासून त्या तिघांची चाल सुधारणार होती. कुणाला पत्ताही लागला नसता. पण शीतलचा फैसला गुरुवारी होता, आणि तिची बाजू मांडायची तर ती वर्षभर का वगळली गेली हे सांगणं भाग होतं. ते सांगायचं म्हणजे सुवर्णाच्या नावाची ती ओळ दाखवायची. दाखवली की सुवर्णाची फाइल पुसली जाणार, पाय जाणार. गप्प बसलं तर सुवर्णा घरात चालत राहणार, आणि शीतल जन्माची खुर्चीत बसणार.

त्या संध्याकाळी त्याने चहा केला नाही. पाय मात्र सुरू केले. ते नेहमीच्या वाटेने निघाले. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, खिडकी.

"ऐकलंस काय?" तो म्हणाला. "माझ्या हातनं एक बाई पडली. भाजली. आता काय करू सांग की."

पाय चालत राहिले. सुवर्णा अशी कधी गप्प बसणारी बाई नव्हती. कुणाच्या घरी भांडण झालं तरी ही मधे पडायची, मग त्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन यायची. तानाजी उठला आणि मुद्दाम त्यांच्या वाटेत, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पूर्वी असा उभा राहिला की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बाजूला व्हा की ओ, खांबासारखं काय हुबारलाय?" आणि नाही हलला तर सरळ ढकलायची.

पाय त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. समोर अडथळा आहे हे त्यांनी ओळखलं. मग वळले, आणि आल्या वाटेने खिडकीकडे निघून गेले.

तानाजी चौकटीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. वर्षभरात तो असा रडला नव्हता. रडायची गरजच पडू दिली नव्हती त्याने. ती गेली तेव्हा तिच्या मागे रडायचं राहिलं होतं, ते सगळं आता एकदम बाहेर आलं. खोलीत पाय फिरतच होते आणि घरात कुणीही नव्हतं.

गुरुवारी समिती बसायच्या आधी त्याने डॉक्टरांना आणि बेलवलकरांना आपल्या जागेवर बोलावून घेतलं आणि जुनी ओळ पडद्यावर काढली. नावाचे तीन तुकडे कसे झाले आणि कोण कोण वगळलं गेलं, ते सांगितलं.

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. "हावळ, हे तुम्ही लिहिलंत?"

"होय मॅडम."

"आणि पाय?"

"घरी हाईत. चालवतो मी संध्याकाळी. वाळू बांधून."

बेलवलकरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते भानावर आले. "हा सरळ सरळ गुन्हा आहे. त्या बाईंचा जीव गेला असता!"

"गेला असता," तानाजी म्हणाला. "म्हणून तर सांगितलं."

 रागाने डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या रागाचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "मला विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालेच असते! तरी विचारायचं होतंत. एवढी माणसं आहोत इथे, हावळ. कुणाशी तरी बोलायचं होतं."

 बोलायचं सुचलंच नव्हतं तानाजीला. वर्षभर तो बोलला तो त्या पायांशी.

शीतल पात्र ठरली. तिच्या पायांनी पाठवलेली वर्षभराची माहिती केंद्रात पडून होतीच. ती घेऊन चालपट नव्याने जुळवायचं ठरलं. मोडलेल्या गुडघ्याचा भाग मिळायला मात्र खूप वेळ लागणार होता. तिच्या उंचीचे दुसरे पाय केंद्राकडे एकच होते, आणि ते तानाजीच्या घरात होते. तानाजीकडून स्क्रिप्टचं काम काढून घेतलं. बसवणाऱ्याचं काम दुसरा माणूस मिळेपर्यंत त्याच्याकडे ठेवलं, मग त्याने जायचं.

"फाइल मी पुसते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"नको मॅडम. माझं मीच करतो."

त्याने पुसायची आज्ञा लिहिली, पुढे सुवर्णाचं पुरं नाव, आणि दोन्हीकडे चिन्हं. या वेळी शेलने तिला एकच बाई मानलं आणि पुसून टाकलं. पडद्यावर काही उमटलं नाही. काम बिनबोभाट झालं की शेल काही बोलत नसतो.

शीतलचा हात प्लास्टरमधून सुटायला आणि चालपट जुळायला पुढे बरेच दिवस गेले. बसवायच्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि तानाजी तिच्यापुढे जमिनीवर बसून घोट्याचे पट्टे लावू लागला. ती वरून बघत होती.

"हे त्यांचंच न्हवं?" तिने विचारलं.

"होय."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला सगळं. दोन दिवस तुम्हाला शिव्या घातल्या बघा. खोटं कशाला सांगू?"

"घालायलाच पाहिजेत," तानाजी म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"खानावळ बंद पडली माझी. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. आता पहिल्यापास्नं मांडायचं." तिने घोट्यावरच्या पट्ट्याकडे बघितलं. "माझाबी तानाजीच हुता, भाऊ. लई वर्सं झाली त्याला जाऊन. फोटोसुदीक धड न्हाई माझ्याजवळ. त्याचं म्हणून काय ऱ्हायलं न्हाई, नाव तेवढं ऱ्हायलं माझ्या नावात. आन् बघा की, त्या नावानंच पाडलं मला."

ती हसली. तानाजीला हसायला आलं नाही. त्याला तिची माफी मागायची होती, आणि तिला सांगायचं होतं की हे सगळं त्याला समजतं, अगदी समजतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पट्टा आवळला काय जास्त?"

"न्हाई. बरोबर हाय."

तो उठून तिच्या मागे गेला. पहिल्यांदा चालवताना बसवणाऱ्याने दोन्ही हात कमरेच्या बाजूंनी धरून मागून चालायचं असतं, न शिवता. शीतल उभी राहिली, एकदा झुलली, सावरली, आणि तिने उजवं पाऊल टाकलं. मग डावं. मोटारींचा आवाज तोच होता. त्याने तो लाखांत ओळखला असता. चाल मात्र दुसरीच होती, लांब ढांगांची, दणदण, गिऱ्हाईक खोळंबलंय अशी. व्हरांड्याच्या पहिल्या खांबापर्यंत तानाजीचे हात तिच्या कमरेपासून बोटभर अंतरावर होते. दुसऱ्या खांबानंतर त्याच्या लक्षात आलं की ही बाई आता पडत नाही.

फाटकापाशी तिची रिक्षा उभी होती. उतरणीच्या तोंडाशी ती थांबली आणि मागे वळून बघितलं.

"बास झालं, भाऊ. आता मागनं येऊ नका. माझी मी जाते."

त्याने हात खाली घेतले. ती उतरण उतरली, रिक्षात बसली, आणि रिक्षा गेली. केंद्र बंद व्हायची वेळ झाली होती. आतून कुणीतरी दिवे मालवत होतं. तानाजी व्हरांड्यातच उभा राहिला, कारण इथून पुढे जायचं ते घरीच होतं.